एका लवचिक प्रथिनावर मिठाचा प्रभाव

थंड दुधांत तळाशीं बसलेली साखर दूध तापवितांच विरघळून जाते, हें आपण घरीं नित्य पाहतों. परंतु याच्या अगदीं उलट वागणारे पदार्थहि सृष्टींत आहेत. गार पाण्यांत ते विरघळून राहतात आणि पाणी कोमट झालें कीं वेगळे होऊं लागतात. अशा एका पदार्थाची, व त्यावर सत्ता चालविणाऱ्या मिठाची, ओळख आज आम्ही करून देणार आहों.

आपल्या रोहिण्यांच्या भिंती, फुप्फुसें व त्वचा यांत इलॅस्टिन नांवाचें प्रथिन असतें. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मोठी रोहिणी ताणली जाते व पुन्हा पूर्ववत् होते, ती मुख्यत्वें याच प्रथिनाच्या योगें. प्रथिन म्हणजे अमिनो अम्लांची लांब सांखळी. इलॅस्टिनच्या सांखळींत कांहीं क्रम पुनःपुन्हा येतात. त्यांतील एक प्रसिद्ध क्रम व्हॅलीन, प्रोलीन, ग्लायसीन, व्हॅलीन, ग्लायसीन असा पांच कड्यांचा आहे. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ डॅन उरी व त्यांचे सहकारी यांनीं हाच क्रम अनेक वेळां जोडून केलेल्या कृत्रिम सांखळ्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. अशी सांखळी थंड पाण्यांत विरघळली असतां द्रावण स्वच्छ दिसतें. सुमारें २५ अंश सेंटिग्रेडच्या पुढें तें दुधाळ होतें. निवविलें कीं पुन्हा स्वच्छ! उकडलेलें अंडें निवून कच्चें होत नाहीं. येथें मात्र हा फेरा पुनःपुन्हा करितां येतो.

याचें कारण काय? व्हॅलीनचे अवयव तेलासारखे पाण्यास विन्मुख असतात. थंडींत पाण्याचे रेणू त्यांच्याभोंवतीं शिस्तीनें कडें करून उभे राहतात. ऊब वाढली कीं तें कडें मोडतें, तेलकट भाग एकमेकांस बिलगतात आणि सांखळ्या गोळा होतात.

आतां या द्रावणांत मीठ घालावें. मिठाच्या विद्युद्भारित कणांमुळें सांखळीभोंवतीं कडें राखणें पाण्यास जड जातें. म्हणून तें थोड्या उबेनेंहि मोडतें. लिटरभर द्रावणांत सुमारें ५८ ग्रॅम मीठ असलें, तर दुधाळ होण्याचें उष्णमान दहा ते पंधरा अंशांनीं खालीं येतें; मीठ वाढवावें तसतसें तें आणखी उतरतें.

सर्व क्षारांचें बळ मात्र सारखें नाहीं. १८८८ सालीं प्राग येथें फ्रांझ हॉफमाइस्टर यांनीं अंड्याच्या पांढऱ्या बलकावर निरनिराळे क्षार वापरून त्यांचा बलानुक्रम लाविला. तोच क्रम येथेंहि बहुतांशीं लागू पडतो. सल्फेट हें क्लोराइडाहून प्रबळ ठरतें. थायोसायनेट तर थोड्या प्रमाणांत असतां उष्णमान उलट किंचित् वाढवितें.

या ज्ञानाचा उपयोग काय, असें पालक विचारतील. औषधी प्रथिनें जिवाणूंकडून बनवून घेतात. पण तीं इतर असंख्य प्रथिनांत मिसळलेलीं असतात व तीं निवडून काढणें खर्चाचें काम असतें. १९९९ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत मायर व चिलकोटी यांनीं इष्ट प्रथिनास इलॅस्टिनसारखें शेंपूट जोडून एक सोपी युक्ति सिद्ध केली. द्रावण तापविलें कीं शेंपटासह इष्ट प्रथिन गोळा होतें. यंत्रांत गरगर फिरवून तें तळाशीं बसवावें आणि थंड, बिनमिठाच्या पाण्यांत पुन्हा विरघळवावें. परंतु नाजूक प्रथिन फार तापविलें तर नासतें. तेथें मीठ उष्णतेचें काम करितें: मीठ घातल्यानें साध्या हवेच्या उष्णमानांतच तें वेगळें होतें, व त्याचा गुण शाबूत राहतो.

मिठानें विरघळलेला पदार्थ कसा बाहेर पडतो, हें घरींहि पाहतां येईल. डिटर्जंट नव्हे, तर तेलापासून केलेला साधा साबण किसून कोमट पाण्यांत विरघळवावा व त्यांत मिठाचें दाट पाणी ओतावें. साबणाच्या गुठळ्या वर तरंगूं लागतील. त्या काढून गोड्या कोमट पाण्यांत टाकाव्या, म्हणजे पुन्हा विरघळतील. साबण हें प्रथिन नव्हे. तथापि मीठ पाण्यावर कसा अंमल गाजवितें, याची साक्ष त्यांत पटेल. रोज ताटांत वाढल्या जाणाऱ्या चिमूटभर मिठाकडे त्यानंतर आपण अधिक कुतूहलानें पाहाल, अशी आम्हांस खात्री आहे.