घटक 6 : घटती बालसंख्या आणि बोलीचे संक्रमण

6.1 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• बालसंख्येतील दीर्घकालीन घट आकड्यांच्या आधारे सांगता येईल.
• बालसंख्येतील घट आणि भाषासंक्रमणातील खंड यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• आपल्या गावातील बोलीच्या संक्रमणाची लहानशी पाहणी करता येईल.

6.2 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बोली कोशात नोंदवली म्हणजे ती सुरक्षित झाली असे नव्हे. मुलांच्या तोंडी असते तोवरच ती जिवंत असते. युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने 2003 मध्ये भाषेचे चैतन्य मोजण्यासाठी नऊ निकष मांडले. त्यांतील पहिला निकष पिढ्यांमधील संक्रमणाचा आहे. म्हणून भाषेच्या अभ्यासकाला जनगणनेतील वयोगटाचा तक्ताही वाचता आला पाहिजे.

6.3 बालसंख्येचा प्रवाह

जपानमध्ये 1954 साली 15 वर्षांखालील मुले सुमारे 2 कोटी 99 लाख होती. 1982 पासून ही संख्या दरवर्षी घटत गेली आणि 2024 मध्ये सुमारे 1 कोटी 40 लाख झाली. चीनमध्ये 2016 साली सुमारे 1 कोटी 79 लाख बालके जन्मली. 2023 मध्ये सुमारे 90 लाख. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी एकूण प्रजनन दर सुमारे 2.1 असावा लागतो. दक्षिण कोरियात 2023 साली तो 0.72 होता.

महाराष्ट्र या प्रवाहाबाहेर नाही. 2001 ते 2011 या काळात राज्याची लोकसंख्या 9.69 कोटींवरून 11.24 कोटींवर गेली. मात्र 0 ते 6 वयोगटातील मुले 1.37 कोटींवरून 1.33 कोटींवर आली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) राज्याचा प्रजनन दर 1.7 आढळला. मुलींचे वाढते शिक्षण, उशिरा होणारे विवाह, बालमृत्यूंतील घट आणि संगोपनाचा वाढता खर्च ही त्यामागील प्रमुख कारणे होत. यांतील पहिली तीन तर समाजाच्या प्रगतीचीच लक्षणे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

6.4 दोन भिन्न संख्या

आता वैनगंगेच्या खोऱ्यातील आरमोरीकडे वळू. हा झाडीबोलीचा प्रदेश. येथे ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चे ‘डोरा’ होते. समजा, येथील एका गावात 60 मुले होती, ती 40 झाली. पण ती सर्व घरी झाडीबोली बोलतात. अशा वेळी बोलीचा समाज लहान झाला, परंपरा तुटली नाही. दुसऱ्या गावात 60 मुले कायम आहेत. परंतु आईवडील त्यांच्याशी केवळ प्रमाण मराठीतच बोलतात. तेथे एकाच पिढीत खंड पडतो. पहिली घट जन्मदराची, दुसरी निवडीची.

एकूण भाषकसंख्येवरूनही हा भेद कळत नाही. जनगणनेनुसार गोंडी भाषक 2001 मध्ये सुमारे 27 लाख होते, 2011 मध्ये सुमारे 30 लाख झाले. संख्या वाढली, पण त्यांत मुले किती, हे त्या एका आकड्यातून समजत नाही. दंडारीत बोली ऐकू येणे आणि ती घरात मुलाशी बोलली जाणे, याही वेगळ्या गोष्टी आहेत.

मुले कमी झाली की शाळेचा पट घसरतो. गावची शाळा बंद होऊन मूल मोठ्या गावी जाऊ लागले, तर दिवसाचा बराच काळ ते आपल्या बोलीपासून दूर राहते. तेथे ‘पानी’ला हसले गेले, तर ते मूल घरीही गप्प होते. ‘पानी’ चूक नसून ते बोलीचे रूप आहे आणि लेखनात ‘पाणी’ वापरावे, असे शिक्षकाने सांगितले तर मुलाला दोन्ही मिळतात. आपल्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होतील; म्हणून हा भाग आपण विशेष लक्षपूर्वक वाचावा.

6.5 सारांश

बालसंख्येचा प्रवाह एका गावाला वळवता येत नाही. बोली पुढच्या पिढीला द्यावी की नाही, हे मात्र घर आणि शाळा ठरवतात. मुले थोडी असतात, तेव्हा प्रत्येक घराच्या निर्णयाचे वजन वाढते.

6.6 स्वाध्याय

1. ‘जन्मदराची घट’ आणि ‘निवडीची घट’ यांतील फरक सोदाहरण लिहा.
2. आपल्या गावातील दहा घरांत, संमती घेऊन, पुढील नोंद करा : आजी-आजोबा नातवंडांशी, आईवडील मुलांशी आणि मुले आपापसांत कोणती बोली बोलतात? तिन्ही उत्तरांची तुलना करून खंड नेमका कोठे पडतो, ते सांगा.