टाळू शिवल्यानंतरचे उपचार

दुभंगलेला टाळू साधारणतः 9 ते 18 महिन्यांच्या वयात शिवला जातो. काही बालकांच्या बाबतीत मात्र उपचार येथे संपत नाहीत. शिवलेला टाळू आखूड राहिला वा पुरेसा हलला नाही, तर बोलताना हवा नाकावाटे निसटते. मूल गेंगाणे बोलते. ‘बाबा’ म्हणू पाहते आणि ऐकणाऱ्यास ‘मामा’ ऐकू येते. हा मुलाच्या बुद्धीचा दोष नव्हे, हे शिक्षकांनीही ध्यानी घ्यावे. अशा वेळी नाकातून दुर्बीण घालून टाळूची हालचाल पाहतात व गरजेनुसार टाळू लांबविण्याची किंवा घशाच्या मागील भिंतीतील पट्टी टाळूस जोडण्याची शस्त्रक्रिया करतात.

शस्त्रक्रियेनंतरही उच्चार शिकावेच लागतात. वाचा-उपचारांसाठी वांद्रे येथे 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. गोवंडीहून हार्बर मार्गाने, वडाळ्यास गाडी बदलून तेथे जाता येते. रोजंदारीवरील आई-बापांचा त्यापायी वारंवार खाडा होतो, ही अडचण खरी; आणि उपचार बहुधा तेथेच खुंटतात. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ व टाळू अंतर्भूत आहेत. त्याचे पथक अंगणवाडीत वा शाळेत आले असता, पूर्वी टाळू शिवलेल्या मुलाचे बोलणे त्यास अवश्य ऐकवावे.