श्वासाचा हिशेब ठेवणारीं यंत्रें

मनुष्य दिवसांतून हजारों वेळां श्वास घेतो; पण त्यांपैकीं एकाही श्वासाची त्याला आठवण राहत नाहीं. निरोगी मनुष्यास तशी गरजही नसते. परंतु ज्यास दम्याचा विकार आहे त्याची गोष्ट निराळी. त्याचा श्वास पहाटे तीन वाजतां अडतो, घरचीं माणसें घाबरून उठतात, औषधानें थोडा आराम पडतो, आणि दुपारपर्यंत सर्व कांहीं पूर्ववत् होतें. पुढें महिना दोन महिन्यांनीं डॉक्टर विचारतात, "मध्यंतरीं त्रास किती वेळां झाला? कोठें असतांना झाला? औषध नियमित घेतलें कां?" तेव्हां तो बिचारा अंदाजानें उत्तर देतो, आणि त्या अंदाजावर पुढील उपचार ठरतात. ही उणीव भरून काढण्याकरितां अलीकडे जीं यंत्रें निर्माण झालीं, त्यांची माहिती विद्यार्थ्यांस करून द्यावी हा या लेखाचा हेतु आहे.

रोगाचें स्वरूप

दमा हा नवा रोग नव्हे. चरकसंहितेंत श्वासरोगाचे पांच प्रकार सांगितले असून त्यांपैकीं तमक श्वासाचीं लक्षणें दम्याशीं पुष्कळ अंशीं जुळतात. आपल्या छातींत मुख्य श्वासनलिका दुभंगून तिच्या फांद्या व उपफांद्या एखाद्या उलट्या वृक्षाप्रमाणें पसरलेल्या असतात. दमेकऱ्याच्या या नलिकांच्या आंतील अस्तरास बहुधा सदोदित थोडी सूज असते. धूळ, धूर, फुलांचे परागकण, थंड हवा, सर्दीपडसें यांपैकीं कांहीं निमित्त झालें कीं नलिकांभोंवतींचे स्नायु आवळतात, अस्तर अधिक सुजतें, चिकट कफ सांठतो आणि वाट अरुंद होते. विशेषतः बाहेर सोडावयाचा श्वास अडतो, व त्या अरुंद वाटेनें हवा जातांना शिटीसारखा आवाज निघतो.

येथें एक भेद नीट ध्यानांत धरला पाहिजे. स्नायूंचें आवळणें हा झटका होय. अस्तराची सूज हें रोगाचें मूळ होय. म्हणून औषधेंही दोन जातींचीं आहेत. साल्ब्युटामॉलसारखें औषध आवळलेले स्नायु सैल करून कांहीं मिनिटांत आराम देतें, परंतु सूज तशीच राहते. दुसऱ्या जातीचें औषध सूज शमवितें. त्याचा गुण सावकाश येतो व तें डॉक्टरांनीं सांगितल्याप्रमाणें नित्य घ्यावें लागतें. मनुष्यस्वभाव असा कीं, जें लगेच गुण दाखवितें तेंच त्याला खरें औषध वाटतें. छाती मोकळी असली कीं नित्याचें औषध फडताळांत पडून राहतें, आणि आराम देणाऱ्या औषधाचे डबे मात्र एकामागून एक संपत जातात. वस्तुतः अशा डब्यांची संख्या हीच धोक्याची सूचना आहे. दोनशें मात्रांचे तीन किंवा अधिक डबे ज्यास एका वर्षांत लागतात, त्यास तीव्र झटक्याचा धोका अधिक असतो. आणि बारा किंवा अधिक लागतात, त्याच्या जिवासही धोका वाढतो, असें दम्याविषयींची जागतिक मार्गदर्शक संस्था 'जिना' सांगते. केवळ आराम देणाऱ्या त्या औषधावर कोणीही विसंबूं नये, असा सल्ला ती संस्था इ. स. २०१९ पासून देत आली आहे.

मोजण्याचीं साधनें

ज्या औषधी फवाऱ्यास आपल्याकडे लोक 'पंप' म्हणतात, त्याचा जन्म इ. स. १९५६ मधील आहे. अमेरिकेंतील रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीस दमा होता. केसांवर मारावयाच्या फवाऱ्याप्रमाणें आपलें औषधही डब्यांत कां मिळूं नये, असें तिनें वडिलांस विचारलें, आणि त्या प्रश्नांतून ठराविक मात्रा सोडणारा पंप तयार झाला. उपयोग करणाऱ्याची अडचण हाच शोधाचा आरंभ, ही गोष्ट पुढें यंत्ररचनेचा विचार करतांना आपल्या उपयोगीं पडेल.

श्वास मोजण्याचा प्रयत्न त्याच्याही पूर्वींचा आहे. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्यानें इ. स. १८४६ मध्यें आपल्या स्पायरोमीटर यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. पण असलीं यंत्रें दवाखान्यांतच राहत. पुढें बेसिल मार्टिन राइट यांनीं केलेलें पीक फ्लो मीटर इ. स. १९५९ मध्यें वैद्यांपुढें आलें, व त्याची लहान आवृत्ति निघाल्यावर रोग्यास घरींच फुंकर मारून आपल्या श्वासाचा जोर पाहतां येऊं लागला. हा जोर मिनिटास किती लिटर या मापानें सांगतात. समजा, एका मुलाची प्रकृति उत्तम असतांना आंकडा ४०० येतो. त्याच्या शेंकडा ८०, म्हणजे ३२० किंवा त्याहून वर असेल तर तो हिरव्या पट्ट्यांत, अर्थात् ठीक. ३२० आणि २०० यांच्यामध्यें पिवळा पट्टा, म्हणजे सावधगिरीचा. २०० च्या खालीं तांबडा पट्टा, म्हणजे तांतडीनें उपचार करण्याचा. श्वास अडल्याचें रोग्यास जाणवण्यापूर्वींच कित्येकदां हा आंकडा उतरूं लागतो. परंतु वहींत तो रोज लिहावा लागतो, आणि चार दिवसांनीं लिहिण्याचा कंटाळा येतो, ही मोठी अडचण.

बार्सिलोनाचा धडा

वेळ आणि ठिकाण यांच्या नोंदीचें महत्त्व किती, हें स्पेन देशांतील बार्सिलोना शहरानें दाखवून दिलें. इ. स. १९८१ ते १९८७ या काळांत तेथें अधूनमधून असा एखादा दिवस उगवे कीं, कांहीं तासांच्या आंत दम्यानें बेजार झालेल्या लोकांची रुग्णालयांत एकच गर्दी उसळे, आणि दुसऱ्या दिवशीं सर्व शांत होई. असे २६ दिवस मोजले गेले. मोटारींचा धूर, कारखाने, हवामान, सर्वांवर संशय घेऊन झाला. शेवटीं जोसेप अँतो व त्यांचे सहकारी यांनीं रोगी कोठें असतांना आजारी पडले हें नकाशावर मांडलें, तेव्हां बंदराजवळ खुणांची दाटी दिसून आली. नंतर त्या दिवशीं बंदरांत कोणता माल उतरला याचा तपास केला. इ. स. १९८५ व १९८६ या दोन वर्षांतील अशा तेराही दिवशीं जहाजांतून सोयाबीन उतरविलें जात होतें! एका कोठारावर धूळ अडविणारी गाळणी नव्हती. तेथून सोयाबीनची बारीक धूळ उडून वाऱ्याबरोबर शहरावर येई. इ. स. १९८९ मध्यें हें संशोधन प्रसिद्ध झालें. कोठारांवर गाळण्या बसविल्या, आणि तीं सांथीसारखीं संकटें थांबलीं.

विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर विचार करावा. प्रत्येक रोग्यास फक्त आपलाच झटका दिसत होता. कारण दिसलें तें सर्वांच्या नोंदी एकत्र मांडल्यावर. परंतु या नोंदी रुग्णालयांत येण्याइतके अत्यवस्थ झालेल्यांच्याच होत्या. घरींच पंप घेऊन बरे झालेल्यांची गणना कोणीं केली? असा हिशेब आपोआप ठेवला गेला असता तर गुन्हेगार सांपडण्यास सहा सात वर्षें लागलीं नसतीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यंत्राची रचना

नेमका हाच विचार अमेरिकेंतील डेव्हिड व्हॅन सिकल या संशोधकानें पुढें नेला. त्यानें इ. स. २०१० मध्यें विस्कॉन्सिन प्रांतांतील मॅडिसन येथें एक कंपनी काढली. तीच पुढें प्रॉपेलर हेल्थ या नांवानें प्रसिद्ध झाली. अशा यंत्राची रचना साधारणपणें पुढीलप्रमाणें असते. पंपाच्या डब्यावर टोपीसारखा एक लहानसा संवेदक बसवितात. रोग्यानें औषधासाठीं डबा दाबला कीं टोपीही दाबली जाते व तिच्यांतील घड्याळ ती वेळ टिपून ठेवतें. ब्लूटूथ या बिनतारी मार्गानें ती नोंद रोग्याच्या मोबाइलमध्यें जाते. ठिकाण मोबाइलला ठाऊक असतेंच. अशा रीतीनें रोग्यानें एक अक्षरही न लिहितां त्याची रोजनिशी तयार होते.

केंटकी प्रांतांतील लुइव्हिल शहरांत सुमारें ११४७ लोकांस असे संवेदक देऊन पाहण्यांत आले. त्याचा वृत्तांत इ. स. २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत आराम देणाऱ्या औषधाचा वापर शेंकडा ७८ नें घटल्याचें व त्रासरहित दिवस शेंकडा ४८ नें वाढल्याचें दिसून आलें. शिवाय शहरांत कोठें झटके अधिक येतात हें कळल्यामुळें झाडें लावणें, अवजड मोटारींचे मार्ग बदलणें अशा सूचनाही पुढें आल्या. मात्र ही तुलना त्याच लोकांच्या पूर्वींच्या व नंतरच्या स्थितीची होती; म्हणून सर्व श्रेय यंत्रासच देणें शास्त्रीय दृष्ट्या योग्य होणार नाहीं.

त्या दृष्टीनें न्यूझीलंडमध्यें ऑक्लंड येथें झालेला प्रयोग अधिक काटेकोर आहे. तेथें ६ ते १५ वर्षांचीं २२० मुलें घेतलीं. सर्वांच्या पंपांवर तेंच यंत्र बसविलें. पण निम्म्या मुलांच्या यंत्रांत औषधाची वेळ झाली कीं आवाज व प्रकाश यांनीं आठवण देण्याची सोय चालू ठेवली, आणि निम्म्यांच्या यंत्रांत ती बंद ठेवली. इ. स. २०१५ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आठवण मिळणाऱ्या गटांत मधल्या मुलानें शंभरांपैकीं ८४ मात्रा घेतल्या होत्या. दुसऱ्या गटांत फक्त ३०! आराम देणाऱ्या औषधाची गरजही पहिल्या गटास कमी पडली. शाळेंतील गैरहजेरींत मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. जें सिद्ध झालें तेवढेंच सांगावें, अधिक सांगूं नये, हा शास्त्राचा नियम येथें चांगला पाळलेला दिसतो.

यंत्राच्या मर्यादा

यंत्र दाबणें मोजतें, श्वास मोजत नाहीं, ही पहिली मर्यादा. इ. स. १९९२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत धूम्रपानानें फुप्फुसें बिघडूं लागलेल्या लोकांस वेळ टिपणारे पंप दिले होते. पण वेळ टिपली जाते हें कित्येकांस सांगितलें नव्हतें. त्यांपैकीं कांहींनीं तीन तासांच्या आंत शंभराहून अधिक वेळां दाबून पंप रिकामे केल्याचें उघडकीस आलें! तपासणीच्या वेळीं औषध नियमित घेतल्याचें भासावें, हा त्यांतील हेतु उघड आहे. पुढें कांहीं यंत्रांत आंत ओढलेल्या हवेचा वेगही मोजण्याची सोय झाली. टेव्हा कंपनीच्या अशा डिजिहेलरला अमेरिकन सरकारनें इ. स. २०१८ मध्यें परवानगी दिली, पण इ. स. २०२४ मध्यें कंपनीनें तो विकणें थांबविलें. अर्थात् यंत्र हुशार असलें म्हणजे तें टिकतेंच असें नाहीं.

दुसरी गोष्ट खाजगीपणाची. मी कोठें जातों, केव्हां आजारी पडतों, ही माहिती वैद्याच्या हातीं असली तर माझ्या हिताची; मालकाच्या किंवा विमा कंपनीच्या हातीं गेली तर कदाचित् अहिताची. म्हणून ही नोंद कोणाची, ती कोण पाहील, व रोग्यास ती पुसून टाकतां येईल कीं नाहीं, हे प्रश्न रचनेच्या आरंभींच सोडविले पाहिजेत. तिसरी गोष्ट किंमतीची. ज्या घरीं नित्याच्या औषधाचे पैसे भरतांना ओढाताण होते, तेथें महाग टोपी काय कामाची? आणि चौथी गोष्ट लाजेची. आपल्याकडे पंप घेणें म्हणजे रोग हाताबाहेर गेला, पंपाची संवय लागते, असा गैरसमज फार. चारचौघांत मोठ्यानें वाजणारें यंत्र अशा मुलाच्या खिशांत न राहतां पेटींत जाऊन पडेल.

विद्यार्थ्यांसाठीं

तुमच्यापैकीं कोणी पुढें अशीं यंत्रें करणारे निघतील. त्यांनीं तारा जोडण्यापूर्वीं एखाद्या दमेकऱ्यापाशीं बसून विचारावें: तुला रात्रीं पंप अंधारांत सांपडतो कां? तुझ्या आजीला ही कळ दाबतां येते कां? चुलीच्या धुरांत स्वयंपाक करणाऱ्या तुझ्या आईजवळ मोबाइल आहे कां? वीज गेली तर काय होतें? या प्रश्नांचीं उत्तरें ज्या यंत्रांत नाहींत, तें कितीही चकाकलें तरी अपुरेंच होय.

बाकीच्यांनीं निदान इतकें करावें. वर्गांतील एखाद्या मुलास दमा असेल तर त्याच्या पंपाची चेष्टा करूं नये, आणि मैदानावर तो मागें बसला तर त्यास आळशी म्हणूं नये. त्याला एक वाक्य पुरें बोलतां येत नसेल, ओंठ निळसर दिसूं लागले असतील, किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर त्यास एकटें न सोडतां ताठ बसवावें, शिक्षकांस बोलवावें व विनाविलंब रुग्णालयांत न्यावें. ज्यास स्वतःलाच दमा आहे त्यानें डॉक्टरांनीं सांगितलेलें नित्याचें औषध बरें वाटत असतांही सोडूं नये. आणि दोन आण्यांच्या जुन्या वहीइतकीच साधी एक वही करून तींत तारीख, वेळ, ठिकाण व पंप किती वेळां घेतला हे चार रकाने आंखावे. तुमच्याजवळ स्मार्ट इन्हेलर नसला तरी त्याचें अर्धें काम ही वही करील.

राहिलेलें अर्धें काम मात्र वहीही करणार नाहीं व यंत्रही करणार नाहीं. नोंद सांगते कीं धोका वाढत आहे. ती वाचून वेळेवर पाऊल उचलणें हें मनुष्याकडेच राहतें. बार्सिलोनाच्या नकाशानें कोठाराकडे बोट दाखविलें, पण गाळणी माणसांनींच बसविली.