स्पायडरमॅन ३ : वाळू पास, पटकथेला एटीकेटी

शेवटचा पेपर झाल्यावर आम्ही सहा जणांनी हॉस्टेलच्या खोलीत एका लॅपटॉपवर 'स्पायडरमॅन ३' परत पाहिला आणि मग पहाटे तीनपर्यंत भांडलो. तिघे म्हणाले टुकार, तिघे म्हणाले जबरदस्त. माझं मत विचाराल तर दोन्ही पार्ट्या बरोबर आहेत. कसं ते जरा इंजिनिअरच्या नजरेने बघू.

सॅम रायमीचा हा तिसरा स्पायडरमॅन मे २००७ मध्ये आला. खर्च सुमारे २५ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या सगळ्यात महागड्या सिनेमांपैकी एक. आपल्याकडे तो हिंदी, तमिळ, तेलुगूबरोबर चक्क भोजपुरीतही लागला होता.

पैसा कुठे गेला ते सँडमनच्या जन्माच्या सीनमध्ये दिसतं. वाळूच्या ढिगातून एक हात तयार होतो, कोसळतो, पुन्हा उठतो. मुलीचा फोटो असलेलं लॉकेट उचलायला जातो तर बोटंच भुगा होतात! एकही संवाद नाही. यासाठी वाळूचा कण न् कण हलवणारं सॉफ्टवेअर खास लिहावं लागलं, आणि आधी खऱ्या वाळूवर प्रयोग करून ती कशी पडते, कशी उडते ते पाहिलं गेलं. नटांच्या अंगावर वाळू यायची तिथे सुरक्षेसाठी दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भुसा वापरला. सिव्हिलवाल्यांना ठाऊक आहे की कोरड्या वाळूचा ढीग ३०-३५ अंशांपेक्षा फारसा उभा राहत नाही. किंचित ओली असेल तर कणांमधलं पाणी पृष्ठताणामुळे त्यांना धरून ठेवतं. म्हणजे थोडं पाणी मिळालं असतं तर सँडमन उलट घट्ट झाला असता. पण भुयारी रेल्वेतल्या मारामारीत पाइप फुटून लोंढा येतो आणि त्याचा चिखल होतो. हे शंभर टक्के पटतं.

आता ग्वेन स्टेसी. क्रेन बिघडते, ती उंच इमारतीवरून पडते, स्पायडरमॅन सूर मारून तिला झेलतो. कॉमिक्स वाचणाऱ्यांच्या पोटात इथे गोळा येतो, कारण १९७३ सालच्या 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१व्या अंकात तिला पुलावरून फेकतात, तो जाळ्याने पकडतो आणि तरी ती मरते. का? जेम्स काकालिओस या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने यावर २००५ च्या आपल्या पुस्तकात गणित मांडलंय. आपणही करू. उंची ९० मीटर धरा, हवेचा विरोध सोडा. वेग येतो ४२ मी/से, म्हणजे ताशी १५० किमी. जाळ्याने अर्ध्या सेकंदात थांबवलं तर मंदन ८४ मी/से², साडेआठ 'जी'च्या वर! मान मोडणारच. तेच ३ सेकंदांत थांबवलं तर जेमतेम दीड 'जी', पण मग ६३ मीटर अंतर लागतं. सिनेमात तो आधी स्वतः तिच्या वेगाने खाली येतो, मग झोका घेऊन तो वेग वळवतो. रायमीने हा धडा वाचला होता की नाही देव जाणे, पण चूक सुधारली आहे.

मग घोडं अडलं कुठे? लोडिंगमध्ये. सँडमन, व्हेनम, सूडाला पेटलेला हॅरी, काळा सूट, मेरी जेनचं रुसणं, सगळं एकाच बीमवर. 'स्पायडरमॅन २' मध्ये (२००४) एकटा डॉक ऑक होता, म्हणून तो लक्षात राहिला. इथे व्हेनम रायमीला नकोच होता. निर्माते अवी अराड यांनी चाहत्यांसाठी आग्रह धरला. पुढे रायमीने स्वतःच कबूल केलं की सगळ्या पात्रांवर आपला जीव नव्हता. आमच्या प्रोजेक्टमध्येही सबमिशनच्या आठवडाभर आधी 'जीएसएम मॉड्यूल पण टाका' झालं होतं, त्यामुळे त्याचं दुःख मला कळतं. (मॉड्यूल चाललं नाही. चालणारी मोटरही बंद पडली.)

त्यात योगायोग किती! उल्का पडते ती नेमकी पीटरच्या गाडीशेजारी. कणभौतिकीच्या प्रयोगाचा खड्डा उघडा, आत वस्तुमान वाढल्याचं दिसतं, तर म्हणे पक्षी असेल, आणि मशीन चालू! आपल्या वर्कशॉपमध्ये एवढ्यावर हाकलून देतील. हॅरीच्या बापाच्या जखमेबद्दल बटलर सगळं जाणून असतो, पण तोंड उघडतो शेवटी. आणि मला सगळ्यात खटकलं ते म्हणजे बेनकाकाचा खुनी बदलणं. पहिल्या भागातला पीटरचा अपराधीपणा त्याने पातळ झाला.

पीटरचा रस्त्यावरचा नाच? मला आवडतो. यावर खोलीत मी एकटा आहे.

जाता जाता एक गणित. ग्वेननंतर १ सेकंदाने पीटर त्याच उंचीवरून निघाला, दोघांनाही 'जी' सारखाच. तर तिला हवेत गाठायला त्याचा सुरुवातीचा वेग किमान ९.८ मी/से पेक्षा जास्त का हवा? १५ मी/से असेल तर किती सेकंदांत गाठेल? उत्तर एका सेकंदाच्या आत येतं. नाही आलं तर खोलीवर या, चहा तुमचा.