हिमप्रदेशाची पूर्वतयारी

‘थ्री इयर्स इन तिबेट’ हा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रकाशकांत वाराणसीच्या थिऑसॉफिकल पब्लिशिंग सोसायटीचे नाव आहे. ग्रंथकर्ते एकाई कावागुची हे जपानी बौद्ध भिक्षू त्या काळी वाराणसीत राहून संस्कृतचे अध्ययन करीत होते. सेंट्रल हिंदू कॉलेजातील प्राध्यापक जमशेदजी उनवाला यांनी त्यांच्या पुस्तकाची मुद्रिते तपासली, इतकेच नव्हे तर त्यातील कवितांना इंग्रजी पद्यरूपही दिले. परकीयांना मज्जाव असलेल्या तिबेटमध्ये वेषांतर करून शिरल्याची कथा म्हणून हा ग्रंथ प्रसिद्धी पावला. तथापि त्याचा बोधप्रद भाग सुरुवातीच्या प्रकरणांत आहे, आणि तो पूर्वतयारीविषयी आहे. कावागुची यांनी जून १८९७ मध्ये जपान सोडले आणि ४ जुलै १९०० रोजी तिबेटची सरहद्द ओलांडली. म्हणजे तीन वर्षे केवळ सिद्धतेत गेली. ल्हासा नगरीतील त्यांचे वास्तव्य जेमतेम चौदा महिन्यांचे होते.

पहिला मुक्काम दार्जिलिंगचा. तेथे तिबेटविद्येचे पंडित शरच्चंद्र दास यांच्या साहाय्याने त्यांनी तिबेटी भाषेचा अभ्यास आरंभला. ग्रंथांची भाषा येऊ लागली, तरी बाजारात बोलली जाणारी भाषा पुस्तकातून हाती लागेना. म्हणून ते एका तिबेटी कुटुंबात राहावयास गेले. भाषेचे खरे शिक्षक म्हणजे बायका आणि मुले, असा त्यांचा अनुभव आहे. मोठी माणसे परक्याची चूक सौजन्याने कानाआड करतात. मुले मात्र उच्चार चुकला की दुरुस्त करूनच सोडतात. ज्याचा जीव उच्चारावर अवलंबून आहे त्याला असेच निष्ठुर गुरू हवेत.

त्याच घरातील शब्दुंग लामांकडून त्यांनी आणखी एक गोष्ट ऐकली. शरच्चंद्र दास १८८१-८२ साली तिबेटमध्ये गेले असता सेंगचेन लामा या थोर विद्वानाने त्यांना आश्रय दिला होता. दास हे इंग्रज सरकारचे हेर होते हे पुढे उघडकीस आले, आणि १८८७ मध्ये या लामांना नदीत बुडवून देहान्त शासन देण्यात आले. शब्दुंग हे त्यांचेच शिष्य. कावागुची यांनी हे सारे ऐकले, आणि आपला बेत कायम ठेवला.

वाटेची माहिती त्यांनी नकाशांवरून नव्हे, तर काठमांडूजवळ बोधनाथच्या स्तूपापाशी बसणाऱ्या तिबेटी यात्रेकरूंकडून व भिकाऱ्यांकडून मिळविली. थोडी भिक्षा घालावी, इकडच्यातिकडच्या गोष्टी काढाव्या आणि कोणत्या घाटावर पहारा आहे, कोणती वाट उघडी आहे, हे संशय येऊ न देता काढून घ्यावे, असा त्यांचा क्रम होता.

यानंतरचा काळ मुस्तांग भागातील त्सारांग या गावी गेला. सरहद्दीवरील पहारे कडक झाल्याने त्यांना तेथे थांबणे भाग पडले. आडकाठीचा हा काळच सर्वांत फलदायी ठरला, असे म्हणावयास हरकत नाही. गाव सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर. विरळ हवेत श्वास कसा राखावा, हिवाळ्यातील कोरडा वारा कसा सोसावा, हे शरीराला सावकाश समजले. पाठीवर दगडांचे ओझे घेऊन ते डोंगर चढत. कारण पुढे हमाल सोबत ठेवता येणार नव्हता, आणि अंथरूण, अन्न, औषध सारे स्वतःच वाहावे लागणार होते. तिबेटी माणसाचा त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ. वाराणसीच्या रस्त्यावर मिळणाऱ्या सातूचाच हा भाऊबंद. ते शिजवावे लागत नाही, आणि जेथे झाडच उगवत नाही तेथे ही मोठीच सोय. जळण म्हणून याकचे वाळलेले शेण गोळा करावे लागे.

धौलागिरीच्या उत्तरेकडून ते तिबेटमध्ये उतरले तेव्हा महिना जुलैचा असला तरी वाटेत बर्फ होते. हिमजलाच्या नद्या उतरण्यापूर्वी ते अंगास लवंगेचे तेल चोळीत. या तेलाने त्वचेला ऊब वाटते, शरीरातील उष्णता मात्र वाढत नाही. चोळण्याचा जो काही लाभ होई तेवढाच खरा. पुढे ओझ्यासाठी त्यांनी दोन मेंढ्या घेतल्या. हिमवादळाच्या एका रात्री या मेंढ्यांच्या मधे पडून त्यांनी प्राण वाचविले. ही युक्ती कोणत्याही तयारीत नव्हती. मध्यान्हीनंतर अन्न न घेण्याचे व्रत मात्र त्यांनी अशा थंडीतही मोडले नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हा हट्टच होय. रिकाम्या पोटी काढलेली गोठवणारी रात्र भिक्षूलाही तितकीच घातक असते.

१९०२ च्या मे महिन्यात, ओळख उघडकीस येण्याच्या बेतात असता, त्यांनी ल्हासा सोडले आणि ते सुखरूप दार्जिलिंगला पोहोचले. थोड्याच दिवसांत वार्ता आली की, ल्हासा येथील त्यांच्या परिचितांना पकडून तुरुंगात टाकले आहे. १९०३ साली कावागुची काठमांडूला गेले आणि नेपाळचे पंतप्रधान चंद्र शमशेर यांना भेटून, त्या लोकांच्या सुटकेसाठी लिहिलेला विनंतीअर्ज दलाई लामांकडे पोहोचविण्याची त्यांनी प्रार्थना केली.