एक्स-रेचे गोदाम : फिल्मकडून संगणकाकडे

कापडाच्या धंद्यात माल क्वचित हरवतो, नोंद हरवते. थान गोदामातच असते, पण नंबर चुकला की गिऱ्हाईक रिकामे परत जाते. इस्पितळाच्या एक्स-रे खात्याचे दुखणेही तेच.

काही वर्षांपूर्वी आमच्या अम्मींच्या छातीच्या फोटोत डाग दिसला. डॉक्टरांनी विचारले, "जुना फोटो आहे काय?" दहा वर्षांपूर्वी डाग तेवढाच असता तर घाबरण्याचे कारण उरत नव्हते. फोटो काढलेला होता. पण घरची फिल्म पावसाळ्यात चिकटून खराब झाली होती आणि इस्पितळात पाकीट सापडले नाही. शेवटी सुई घालून तुकडा काढावा लागला. गाठ साधी निघाली, परंतु रिपोर्ट येईतोवर घरात कोणी धड जेवले नाही. तेव्हापासून आम्ही या विषयात लक्ष घातले.

फोटो संगणकात साठवून, हवा तेव्हा शोधून देण्याच्या व्यवस्थेला पॅक्स म्हणतात. पूर्वी एका कंपनीच्या मशीनची भाषा दुसरीला कळत नसे. १९८३ साली अमेरिकेतील रेडिओलॉजिस्टांची व यंत्र-उत्पादकांची संघटना एकत्र बसल्या. १९८५ मध्ये पहिले मानक आले, त्यातूनच १९९३ मध्ये डायकॉम. डायकॉमची खुबी अशी, की रुग्णाचे नाव, नंबर, तारीख फोटोच्या फायलीतच असते. थानाच्या किनारीवर गिरणीचा छाप असतो तसे.

आता जागेचा हिशेब. सीटी स्कॅनचा एक काप ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा, ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. ५०० कापांची तपासणी २५० एमबी. रोज अशा २० झाल्या तर ५ जीबी, आणि ३०० दिवसांत दीड टीबी. गासडी दाबावी तशी फाइल दाबता येते. एकही ठिपका न गमावता ती साधारण निम्मी होते. त्याहून जास्त दाबले तर बारीक तपशील जातो.

खरा घोळ नावांचा. अब्दुल रहमान, अब्दुर्रहमान, ए. रहमान शेख : माणूस एक, फायली तीन! म्हणून रुग्णाला कायमचा एकच नंबर हवा, आणि तो नोंदणीच्या खिडकीवरून थेट मशीनवर जावा; तंत्रज्ञाने पुन्हा टाइप करू नये. सगळ्या जुन्या फिल्म स्कॅन करीत बसणे आम्हांस फुकटचा खर्च वाटतो. रुग्ण परत आला की त्याच्या तेवढ्या कराव्यात. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी आणि ती उघडते का, हे अधूनमधून पाहावे.

कुलूपही हवे. २०१९ मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने जगभरातील सुमारे २,३०० संग्रह तपासले, तेव्हा ५९० इंटरनेटवर सताड उघडे होते.

फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरत नाही. इस्पितळाकडून मूळ डायकॉम फाइल मागून घ्या. अम्मींची सीडी आम्ही दुकानाच्या तिजोरीत वह्यांशेजारी ठेवली होती. गेल्या वर्षी नव्या डॉक्टरांनी मागितली, तर त्यांच्या संगणकाला सीडी घालायची सोयच नव्हती. मुलाने दुकानातल्या जुन्या संगणकावरून पेनड्राइव्हवर उतरवून दिली.