झोकांड्या खाणारा उंदीर

भंडाऱ्याकडे धानाच्या धुऱ्यावरून उंदीर किती सफाईने पळतो, हे तुम्ही पाहिले असेल. १९५१ मध्ये एडिंबरोच्या फाल्कनर यांनी वर्णन केलेला ‘रीलर’ उंदीर मात्र झोकांड्या खात चाले. असे का?

गर्भाच्या मेंदूत नव्या चेतापेशी जुन्यांना ओलांडून वरच्या थरात बसतात. रीलरमध्ये त्या खालीच अडकतात. तोल सांभाळणारा लहान मेंदूही खुरटा राहतो; चाल बिघडते ती मुख्यतः यामुळेच. पेशींना योग्य जागी बसवणारे ‘रीलिन’ हे प्रथिन व त्याचे जनुक १९९५ मध्ये सापडले. आईबाप दोघांकडून सदोष जनुक आले तरच पिल्लू झोकांडते.

२००० साली काही बालकांच्या मेंदूविकारामागेही याच जनुकातील दोष आढळला. उंदराच्या झोकांडीनेच तिथवरची वाट दाखवली!